‘न्यूरल नेटवर्क म्हणजे पोपटपंची’ म्हणणाऱ्यांनी एकदा फौंड्रीत यावं

शिरोलीकर: काल इथं कुणीतरी लिहिलं, ‘न्यूरल नेटवर्क म्हणजे पोपटपंची, कारखान्यात शून्य उपयोग.’ वाचून डोकं फिरलं. मी १५ वर्षं फौंड्रीत कास्टिंग, म्हणजे धातू ओतून केलेले नग, तपासायला उभा होतो. रात्रपाळीत पहाटे चारला ब्लोहोल (नगात हवेनं पडलेलं भोक) दिसत नाही, डोळेच मिटत असतात. आता कॅमेरा आहे, त्याच्यामागं न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणं बघून शिकणारा संगणकाचा प्रोग्राम. तो चारलाही तसाच बघतो. त्याला नियम कुणी लिहून दिले नाहीत. चांगले-खराब नग दाखवत गेलो. चुकला की चूक उलटी मागं नेऊन आतली वजनं, म्हणजे कशाला किती महत्त्व द्यायचं ते आकडे, थोडी थोडी सरकवायची. रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स या संशोधकांच्या १९८६ च्या निबंधापासून ही रीत सगळीकडं रुजली. पोपटाला हे जमतं?

उद्यमनगर: भावा, आमच्याकडं नवी लाइट लावली आणि त्याच कॅमेऱ्यानं चांगले नग रिजेक्टमध्ये टाकले. का टाकले, तर उत्तर नाही. वाळूचे साचे करणारा म्हातारा मोल्डर निदान सांगतो, ‘वाळूत ओल जास्त झालीय.’ मला कारण पाहिजे, टक्केवारी नको.

शिरोलीकर: नव्या लाइटीतले फोटो देऊन परत शिकवलं का?

उद्यमनगर: कुठनं देऊ? हजारात खराब नग पाच. सगळेच चांगले म्हणत बसला तरी तो ९९.५ टक्के बरोबर ठरतो!

शुक्रवार पेठ: नगाचं राहू दे, पुराचं बोला. आपल्या कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे पोरांनाही पाठ आहे. २०१९ ला वडिलांनी २००५ ची खूण धरून सामान वर ठेवलं. पाणी त्या खुणेच्याही वर गेलं. जे पाणी कधी नोंदलंच नाही, ते तुमचं नेटवर्क कुठनं सांगणार?

शिरोलीकर: ताई, मग वडीलही मागचं बघूनच चुकले की.

शुक्रवार पेठ: वडिलांना मध्ये आणू नका! पाणी उंबऱ्याला लागल्यावर सगळी गल्ली त्यांनी उठवली. आपण चुकलोय हे त्यांना कळलं. तुमच्या नेटवर्कला कळतं?

उद्यमनगर: बरोबर. चुकताना पण ते खात्रीनंच चुकतंय.

शिरोलीकर: वडिलांचं बोलायला नको होतं, चुकलं. लाइटीचंही मान्य. नवा पॅटर्न, म्हणजे नव्या आकाराचा नग, आला की पहिले दोन दिवस मी स्वतः कॅमेऱ्याशेजारी उभा राहतो. पण तिसऱ्या दिवशी लागत नाही.

उद्यमनगर: मग ते दोन दिवस आधीच का लिहिले नाहीस?