कोट्यवधींचे मानधन घेणाऱ्या हॉकीपटूंवर प्रशिक्षकाचा वचक कशामुळे राहतो?

प्रश्न – पेडे मैदान, म्हापसा
मी शालेय मुलांना हॉकी शिकवतो. संघाच्या यादीत नाव लागणे, एवढे आमिष माझ्या मुलांना पुरते. उत्तर अमेरिकेतील एनएचएल या आइस हॉकी लीगमध्ये मात्र खेळाडूंचे मानधन अनेक वर्षांच्या कराराने बांधलेले असते, खेळ खालावला म्हणून ते कापता येत नाही आणि संघातील मोठे खेळाडू प्रशिक्षकापेक्षा कितीतरी अधिक कमावतात. मग अशा खेळाडूंकडून काम करून घेण्यासाठी प्रशिक्षकाच्या हाती उरते तरी काय?

उत्तर – फोंडेकर
सर, मानधन ठरलेले असले तरी बर्फावरची मिनिटे ठरलेली नसतात. तिथे खेळाडू साधारण पाऊण मिनिट खेळून बाहेर येतो आणि त्याला पुन्हा केव्हा पाठवायचे, कोणाच्या जोडीला पाठवायचे, प्रतिस्पर्ध्याचा एक खेळाडू शिक्षा भोगत असताना संधी द्यायची की नाही, हे सारे प्रशिक्षक ठरवतो. मिनिटे घटली की गोल घटतात आणि पुढच्या कराराच्या वेळी तेच आकडे टेबलावर येतात. तंदुरुस्त खेळाडूला सामन्याबाहेर बसवले तरी पगार मिळतोच; पण कोट घालून गॅलरीतून सामना पाहणे कोणालाही झोंबते. शिवाय वार्षिक पगार साखळी सामन्यांच्या काळातच चुकता होतो. बाद फेरीत संघाच्या वाट्याला येणारा बोनस मोठ्या खेळाडूंच्या पगारापुढे किरकोळ असतो, तरीही मोसमातला सर्वांत जीव तोडून केलेला खेळ तेव्हाच दिसतो, कारण स्टॅनले करंडकावर, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या करंडकावर, विजेत्या खेळाडूंची नावे कोरली जातात.

उत्तर – मडगावकर
फोंडेकरांचे म्हणणे अर्धेच पटते. बाकावर बसवण्याचा धाक नवख्यांवर चालतो; संघाच्या कर्णधारावर तो किती वेळा चालवणार? एनएचएलमधील डेट्रॉइट संघाचा कर्णधार स्टीव्ह आयझरमनने 1988-89च्या मोसमात गोल आणि गोलसाहाय्य मिळून 155 गुण मिळवले होते. स्कॉटी बोमन 1993मध्ये तिथे प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी या हुकमी खेळाडूकडून बचावाची जबाबदारी मागितली, म्हणजे स्वतःचे आकडे घटवणारा खेळ मागितला. दोघांत तणाव होता, आयझरमनला दुसऱ्या संघाला देऊन टाकण्याची चर्चाही झाली. परंतु त्याने खेळ बदलला आणि डेट्रॉइटने 1997मध्ये, तब्बल 42 वर्षांनी, करंडक जिंकला. कर्णधारच मागे धावत येऊन बचाव करू लागला, तर इतरांना कामचुकारपणा करायला तोंड राहत नाही. माझ्या मते, बोमन यांच्या नऊ विजेतेपदांमागे रागापेक्षा ही नेमकी मागणी अधिक होती.

उत्तर – पर्वरी
उलट उदाहरणही पाहावे. एनएचएलच्या टोरांटो संघाचे प्रशिक्षक असताना माइक बॅबकॉक यांनी एका नवख्या खेळाडूला सहकाऱ्यांची मेहनतीनुसार क्रमवारी लिहायला लावली आणि ती इतरांपर्यंत पोहोचली. पुढे 2023मध्ये कोलंबस संघाचे प्रशिक्षक झाल्यावर त्यांनी खेळाडूंच्या फोनमधील छायाचित्रे पाहण्यावरून वाद झाला आणि एकही सामना होण्यापूर्वी त्यांना पद सोडावे लागले. श्रीमंत खेळाडूंना खेळाडू संघटनेचे पाठबळ असते. शाळकरी मुलांना ते नसते, म्हणून आपण अधिक जपून वागायला हवे.

पेडे मैदान, म्हापसा
आभार. बाकावर बसवलेल्याला कारण तेव्हाच सांगावे का?

फोंडेकर
सामना चालू असताना एका वाक्यात सांगावे आणि उरलेले दुसऱ्या दिवशी, एकट्याला बोलावून.