मार्शमेलो, मुरमुरे अन् नाताळ: तुमचा गंज (पातेलं) कधी चिकटला?

अजनीवाली

पोरीच्या शाळेत नाताळचा कार्यक्रम आहे. ओव्हन न लावता होणारं काहीतरी घरून करून आणा, असा निरोप आला. तिनं मोबाइलवर बघून मार्शमेलोचे बार ठरवले. काल गोकुळपेठेतून पाकीट आणलं, कढईत लोणी टाकलं, वर ते पांढरे गोळे टाकले आणि दोन मिनिटांत तो वास आला. साखर जळायच्या जरा आधी येतो ना, तो. मी सराटा हातात धरून तशीच उभी. पोरगी म्हणे, "आई, ढवळ ना!"

डिसेंबर १९९८. आम्ही नागपूरला, अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो. शेजारच्या काकूंची बहीण अमेरिकेहून आली होती, तिनं या गोळ्यांच्या दोन पिशव्या आणल्या. आम्ही पोरांनी पिशवी बाहेरून दाबून पाहिली, कोणाला उशीतला कापूस वाटला. त्यात घालायचे कुरकुरीत तांदूळ मात्र ती बाई तिकडेच विसरली होती. मग काय, मला पिटाळलं मुरमुरे आणायला. त्यात काकूंचं सिलिंडर संपलेलं, नंबर लावून आठ दिवस झालेले. सगळा सरंजाम आमच्या ओट्यावर आला.

आमची आजी म्हणजे चातुर्मासात कांदा-लसणाची सावलीही न घेणारी. ती पाटावर बसून बघत होती. काकूंनी गॅस मोठा ठेवलेला. आजी एकदम उठली. "अवो बाई, बारीक करा, पाक पुढं जाऊन राहिला!" मार्शमेलो हा शब्द तिला म्हणता येत नव्हता, पण पाक तिला कळत होता. तिनं काकूंच्या हातातून सराटा घेतला, गंज खाली उतरवला, मुरमुरे टाकले, तळहाताला तूप लावलं आणि कोपरात, म्हणजे परातीत, थापले. थापले कसले, नुसते बोटांनी गोंजारले. काकू दाबायला गेल्या तर म्हणे, "दाबू नका, दगड होईल." दोन वड्या खाल्ल्या तिनं. "तिळगुळापेक्षा हे बरं, दात नसलेल्याच्या कामाचं."

पुढे हॉस्टेलला असताना अशाच एका पाकिटामागचं बारीक अक्षर वाचलं. जिलेटिन. ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात, हे मैत्रिणीनं सांगितलं. आजी तेव्हा होती. २०११ ला गेली. मी तिला कधीच सांगितलं नाही.

कालच्या पाकिटावर हिरवा ठिपका बघूनच घेतला. तर ते लेकाचं वितळेचना! वीस मिनिटं घोटलं, रबराचा गोळा झाला. कोणी केलेत का हे? असे काही किस्से असतील तर टाका. अन् उपाय असेल तर आधी टाका, परवा द्यायचे आहेत.

तर्रीप्रेमी

ताई नाही सांगितलं तेच बरं केलं. आजीनं वरती चित्रगुप्ताले सांगितलं असन, "मले काय माहीत बाप्पा, पोट्टीनं आणलं होतं." तुह्याच खात्यात लिहिलं आहे ते 😄

पिहूची आई

माझ्याही पोरीला हेच सांगितलंय!! एकच शाळा दिसते. तिसरीत का?

अजनीवाली

हो, तिसरी. ब तुकडी.

पिहूची आई

आम्ही अ. म्हणजे सगळ्यांच्याच डब्यात हेच येणार. मी खरं तर सरळ संत्रा बर्फी विकत आणणार होते, तीही ओव्हन न लावताच होते 😛

प्रयोगशाळेतली

हिरव्या ठिपक्याचं असं होतं, तुमचं काही चुकलं नाही. जिलेटिन आपल्या अंगाच्या उष्णतेलाच सैल व्हायला लागतं, म्हणून ते तोंडात विरघळतं अन् कढईतही लगेच पातळ होतं. शाकाहारीत त्याऐवजी समुद्री शेवाळातून काढलेले पदार्थ असतात. त्यातलं अगर तर एकदा गोठलं की ८५ अंशांच्या आसपास गेल्याशिवाय पुन्हा वितळत नाही. तुम्ही मंद आचेवर घोटत बसलात, आजीचा नियम पाळला, अन् तोच इथे चालला नाही. एक-दोन चमचे पाणी टाकून झाकण ठेवा, वाफेवर सैल होऊ द्या, मग ढवळा. तरी तार धरेलच असं नाही, कंपनीप्रमाणे फरक पडतो. आधी मूठभरच करून बघा.

आणि कढई नको, जाड बुडाचा गंज घ्या. कढईत कडेचं आधी करपतं.

अजनीवाली

@प्रयोगशाळेतली देव तुमचं भलं करो. दुपारी करून बघते.

जर्सीतला वऱ्हाडी

इकडे डिसेंबरात प्रत्येक ऑफिसात याचा एक ट्रे असतोच, वर लाल-हिरवी साखर भुरभुरलेली. पण मुळात हा पदार्थ नाताळचा नाहीच. १९३९ साली केलॉग्जच्याच स्वयंपाकघरात मिल्ड्रेड डे आणि मलिटा जेन्सन या दोघींनी तो बसवला, कॅम्प फायर गर्ल्स या मुलींच्या संघटनेला विकून निधी जमवता यावा म्हणून. पुढे कृती खोक्यावरच छापायला लागले.

माप घ्या: मार्शमेलो २८० ग्रॅमच्या आसपास, लोणी तीन मोठे चमचे, तांदळाचे कुरकुरीत दाणे सहा कप. एवढंच. मी पहिल्या वर्षी रूममेटसोबत मायक्रोवेव्हमध्ये केलं. भांडं लहान घेतलं, एकदम दोन मिनिटं लावली. आत हवा असते ना त्यात, ते पुरीसारखं फुगलं, काठावरून उतरलं अन् काचेच्या ताटलीला जाऊन चिकटलं. आम्ही दोघं बाहेरून बघून राहिलो. बंद करायचं कोणालाच सुचलं नाही.

नागपूरची थंडी आठवली हे वाचून. इकडे थंडी नाही, शिक्षा आहे.

तर्रीप्रेमी

@जर्सीतला वऱ्हाडी भाऊ इथंबी काही कमी नाही. सकाळी पोहे घ्याले गेलो तर तर्री प्लेटीत पडेपर्यंत थंडी होऊन राहिली.

सदरकर जुना

अजनीवाली, तुमच्या काकूंची गोष्ट वाचून बरं वाटलं. आमचं घर सदरचं, मूळचे आम्ही गोव्याकडचे, आजोबा रेल्वेत लागले अन् इथलेच झालो. आमच्याकडे नाताळात असला अमेरिकन प्रकार कोणी केला नाही. कलकल असायचे, काट्याच्या पाठीवर पीठ दाबून वळायचे आणि तळायचे. आम्हा पोरांना तेच काम. नेवऱ्या असायच्या, म्हणजे तुमच्या करंज्याच. आणि दोदोल. गूळ, नारळाचं दूध, तांदळाचं पीठ, तासन्तास ढवळत राहायचं. घरातले तीन पुरुष आळीपाळीनं. माझे वडील दमले की म्हणायचे, "याच्यापेक्षा इंजिनात कोळसा टाकणं सोपं." नागपुरात नारळ काढायचा खटाटोप वेगळाच, आई डिसेंबर लागला की बाजाराच्या चकरा सुरू करायची. तरी दोदोल व्हायचाच. चिकट म्हणाल तर मार्शमेलो त्याच्या पासंगाला पुरणार नाही.

मध्यरात्रीच्या मिस्साहून परत आलो की शेजारच्यांचे डबे भरायचे. सकाळी ते डबे परत यायचे, पण रिकामे नाही. कोणी चिवडा टाकायचं, कोणी अनारसे. एका घरून दरवर्षी ज्वारीच्या लाह्या यायच्या. का, ते आम्हाला कधी कळलं नाही.

सौ. कंटाळा

@सदरकर जुना दोदोलची कृती टाका ना प्लीज. वेगळा धागा काढा.

सदरकर जुना

टाकतो. माप आईला विचारावं लागेल, ती "अंदाजानं" म्हणते.

सौ. कंटाळा

सगळ्यांच्या आया तेच म्हणतात 🙄

मुरमुरा

माझ्या आयडीमुळे लिहिणं भाग आहे. मुरमुरे तसेच टाकू नका, नरम असतात. आधी कोरडेच भाजा, मुठीत चुरगळले तर आवाज आला पाहिजे. थंड होऊ द्या. मागच्या वर्षी मी गरमच टाकले, सगळं बसलं खाली. त्यात फल्लीदाणे भाजून, साल काढून टाकले तर चव येते, नाहीतर नुसतं गोड गोड लागतं. चिमूटभर मीठ. फ्रिजमध्ये ठेवू नका, दात पडतील. घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन दिवस राहतात. हे डिसेंबरात. जुलैत केले होते पोराच्या वाढदिवसाला, संध्याकाळपर्यंत चमच्यानं खायची वेळ आली.

पिहूची आई

फल्ली नको, शाळेत दाणे चालत नाहीत, एका मुलाला ॲलर्जी आहे. ग्रुपवर आलं होतं बघा.

मुरमुरा

मग डाळवं टाका. तेही चालतं.

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितेय. आजीचं वाचून राहवलं नाही. माझ्या सासूबाईंना मी असंच केकमधलं अंडं सांगितलं नव्हतं. चार वर्षं. एक दिवस त्याच म्हणाल्या, "तू करतेस तो केक फुगतो, माझा काहून नाही फुगत?" काय सांगणार होते? म्हटलं, हात लागतो एकेकाचा. त्यावर खूश. आता त्या नाहीत अन् मला केक करवत नाही. असो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

अजनीवाली

@वाचनमात्र 🙏 लिहीत जा.

हिवाळी अधिवेशन

विषयाशी संबंध नाही, पण सिव्हिल लाइन्सकडून सदरला जाणाऱ्यांनी दुपारी निघू नये. मोर्चा आहे, रस्ते अडवलेत. मी मार्शमेलो आणायलाच निघालो होतो म्हणून इथे टाकतोय, म्हणजे थोडा संबंध आहे.

तर्रीप्रेमी

तुमचं नावच हे आहे अन् तुम्हीच अडकले 😂😂

सौ. कंटाळा

संत्र्याची साल किसून टाकली तर? नागपूरचं काहीतरी हवं ना त्यात.

प्रयोगशाळेतली

छान लागते. पण आपल्या संत्र्याची साल सैल असते, किसणीवर सरकते. सोलायच्या आधी, अख्खं फळ घट्ट धरून हलक्या हातानं वरचं केशरी तेवढं किसा. पांढरं आलं की कडू. आणि गंज खाली उतरवल्यावरच टाका. रस मात्र टाकू नका, मुरमुरे बसतील.

अजनीवाली

अपडेट. पाणी आणि झाकण, दोन्ही केलं. वितळलं! तार तशी नाही आली, पण मुरमुरे धरले. साल किसून टाकली. पोरगी खूश आहे, निम्मे इथेच संपवले.

आत्ता आईला फोन केला. म्हटलं, तुला आठवतं का, काकूंनी आपल्या ओट्यावर ते बार केले, आजीनं गंज उतरवला. आई म्हणे, "मले बारफार काही आठवत नाही. थो कोपर मात्र गेला तो गेला. वड्या लावून नेला अन् मग त्याइची बदली झाली." सत्तावीस वर्षांनंतर आईला फक्त कोपर आठवतो! वर विचारते, "त्याच्यावर तुह्या आजीचं नाव टाकलेलं होतं, कोणाले दिसला का?"

सदरकर जुना

आमच्याकडे एक पितळी डबा आहे, त्यावर कुण्या 'सौ. सुशीलाबाई' यांचं नाव आहे. आमच्या घराण्यात कोणी सुशीलाबाई नव्हत्या.

मुरमुरा

माझ्या आईचे तीन चमचे बाहेर आहेत. नावासकट.

तर्रीप्रेमी

एक धागा काढा बे, 'हरवलेली भांडी, नागपूर विभाग'.

पिहूची आई

माझे बार जमले, पण कोपरातून निघून नाही राहिले. तूप लावायला विसरले 😭 काय करू?

जर्सीतला वऱ्हाडी

कोपराचं बूड गरम पाण्यात धरा एक मिनिट. सुटतात. थंड पाणी मुळीच नको.

पिहूची आई

सुटले. एक तुटला, तो मी खाल्ला.