‘ड्रायव्हरचा प्रश्न आता संपला’ म्हणणाऱ्यांनी एकदा छापखान्यात येऊन बसावं

खिळेजुळारी:
परवा इथं कुणीतरी लिहिलं: ‘विंडोज 10 चे मोफत सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले, म्हणून चांगलं मशीन भंगारात घालू नका. लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली टाका. ड्रायव्हरची, म्हणजे यंत्र आणि संगणक जुळवणाऱ्या प्रोग्रामची, रड जुनी झाली, आता सगळं आपोआप चालतं.’ खाली ‘शंभर टक्के सहमत’ची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

मिरजेकडे माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल. मशीन सहाव्या पिढीचं आय5, म्हणजे विंडोज 11 च्या यादीत नाही. भाच्यानं उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाकून दिलं. वायफाय, आवाज, पडदा पहिल्या फटक्यात लागलं, हे मान्य. मग प्रिंटर जोडला. आम्ही लेझरवर ट्रेसिंग काढतो आणि त्यावरून प्लेट करतो, म्हणजे प्रिंटर अडला की ऑफसेटही अडलं. कंपनीनं लिनक्सचा ड्रायव्हर दिला होता, पण जुन्या धाटणीचा, 32 बिटचा. त्याच्यासोबत मागे एक प्रोग्राम चालावा लागतो, तो मशीन बंद करून चालू केलं की उठत नाही. भाच्यानं यादीतला त्यातल्या त्यात जवळचा ड्रायव्हर निवडला. पानाच्या डोक्यावर अगम्य चिन्हांची एकच ओळ, पान बाहेर. पुन्हा एक ओळ, पान बाहेर. वायर उपटेपर्यंत साठेक ट्रेसिंग वाया गेले. समोर बाकड्यावर मुलीचे वडील बसलेले. पहिली पत्रिका कुलदैवताला ठेवायची म्हणून खास आलेले.

त्यांना मी काय सांगायचं होतं?

कर्नलवाला:
ती पोस्ट माझीच. राग समजतो, पण तो चुकीच्या दारात काढताय. तुमचा प्रिंटर स्वतः काहीच करत नाही. पानाचं चित्र संगणकानं बनवायचं आणि कंपनीच्या खासगी भाषेत त्याला भरवायचं, अशी त्याची घडण. ती भाषाच उघड केली नाही तर लिनक्सवाल्यांनी काय करावं? पोस्टस्क्रिप्ट ही पानाची उघड भाषा समजणारा प्रिंटर घेतला असता तर पाच मिनिटांत लागला असता. 2012 मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचा जनक लिनस टोर्व्हाल्ड्सनं भर सभेत एनव्हिडिया या ग्राफिक्स चिपवाल्या कंपनीला शिवी दिली ती याच दुखण्यावर. दहा वर्षांनी, 2022 मध्ये, त्याच कंपनीनं ड्रायव्हरचा कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, भाग खुला केला. उशिरा का होईना, कंपन्या हलतात.

आणि विंडोजचं म्हणाल तर 2007 ला व्हिस्टा आलं तेव्हा एक्सपीवरचे किती प्रिंटर आणि स्कॅनर मुके झाले ते आठवा. 64 बिट विंडोजवर 32 बिटचा ड्रायव्हर चढत नाही, आणि विंडोज 11 फक्त 64 बिटमध्येच येतं. माझ्या वडिलांचा स्कॅनर असाच माळ्यावर गेला होता. लिनक्सवर जोडला, लगेच ओळखला. आजोबांचे सातबारे त्यावरच स्कॅन केले.

सेतूवाली:
कर्नलवाला दादा, ‘घेतला असता तर’ हे ज्याच्याकडे पैसे असतात त्यानं म्हणावं. माझं दाखल्यांचं केंद्र आहे. ठशाचं यंत्र आणि डिजिटल सहीचं टोकन, या दोन वस्तूंवर माझं पोट. ठशाच्या यंत्राची सेवा मला मिळाली ती विंडोज आणि अँड्रॉइडची. तिथं माझी निवड संपली.

पण विंडोजनंही छळलंय. जूनमध्ये, दहावीचा निकाल लागून दाखल्यांची झुंबड, आणि रात्रीच्या अपडेटनंतर सकाळी यंत्र दिसेना. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण. जुना ड्रायव्हर मेमरी इंटिग्रिटी या विंडोजच्या सुरक्षा सोयीत अडकतोय हे कळायला दुपार झाली. तोवर बायाबापड्या उन्हात उभ्या.

मास्तर_जुन्नर:
आमच्या शाळेत बारा जुनी मशीन लिनक्सवर आहेत, तिसरं वर्ष. केरळच्या सरकारी शाळा तर कितीतरी वर्षं लिनक्सवरच शिकवतात. एकदाच अडलं होतं. कर्नल बदलला आणि एका मशीनचं वायफाय गेलं, कारण त्याचा ड्रायव्हर कर्नलबाहेरचा होता आणि नव्या कर्नलचे हेडर, म्हणजे ड्रायव्हर नव्यानं जुळवायला लागणाऱ्या फायली, टाकलेले नव्हते. नेटशिवाय हेडर येईनात आणि हेडरशिवाय नेट येईना. शेवटी मोबाइल केबलनं जोडून नेट दिलं. पोरांनी ते बघितलं, आता तीच दुसऱ्यांना करून देतात.

खिळेजुळारी:
मास्तर, चांगलं काम आहे. पण शाळेचा तास बुडाला तर उद्या घेता येतो, मुहूर्त पुढं ढकलता येत नाही.

आणि प्रिंटर ही अर्धीच गोष्ट. माझं वीस वर्षांचं काम पेजमेकर या पानं जुळवायच्या प्रोग्राममध्ये आहे, जुन्या मराठी फॉन्टांत. त्या फॉन्टांचं सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे परवान्याच्या किल्लीवर, चालतं, मागे 25 पिनांच्या पोर्टला लावायचा तो. पोर्ट सैल झालाय, म्हणून रबरबँडनं बांधून ठेवलाय. त्याचा ड्रायव्हर एक्सपीच्या पुढं येतच नाही.

कर्नलवाला:
मग हा ड्रायव्हरचा प्रश्नच नाही! तुम्ही 2001 च्या पेजमेकरमध्ये अडकलात. त्याला युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी जागतिक पद्धत, कळत नाही, त्याचा विकासही 2004 ला थांबला. त्या फॉन्टांत ‘क’ हा ‘क’ नसतोच, इंग्रजी चिन्हाच्या जागी बसवलेलं चित्र असतं. फॉन्ट गेला की मजकूर गेला. वीस वर्षांत युनिकोडवर यायला कुणी अडवलं होतं?

खिळेजुळारी:
कुणी अडवलं विचारता? हजारो फायली आहेत. पतसंस्थेचा ताळेबंद दरवर्षी मागचाच उघडून आकडे बदलायचे असतात. कन्व्हर्टरमधून काढला तर रफार भलत्या अक्षरावर, जोडाक्षरं फुटलेली. ‘वार्षिक’ शब्द एका अहवालात सत्तर वेळा दुरुस्त केलाय मी. तुमचा एक शनिवार-रविवार जातो, माझा हंगाम जातो. फुकटचे सल्ले देऊ नका.

अनुस्वार:
मी मुद्रितशोधक आहे, म्हणून मध्ये पडते. युनिकोड झालं म्हणजे मराठी झालं असं समजू नका. विंडोजच्या मंगल फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे. राज्य सरकारनं 2009 मध्ये वर्णमालेचा निर्णय काढून मराठी वळण ठरवून दिलं, तरी शाळांच्या सूचनापत्रांत मंगलच. ‘दऱ्या’ लिहायला ‘ऱ’ वेगळा टंकावा लागतो हे निम्म्या टंकलेखकांना ठाऊक नाही. ते ‘दर्या’ लिहितात, डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो आणि प्रूफ माझ्याकडे येतं.

कर्नलवाला:
ताई, नोटो सान्स देवनागरी वापरा. भाषा मराठी निवडली की ‘ल’, ‘श’ मराठी वळणाचेच येतात. फुकट आहे आणि तिन्ही प्रणालींवर चालतो.

अनुस्वार:
भाषा निवडली तर. ती कोण निवडतं? पण फॉन्ट चांगला आहे, हे खरं.

मास्तर_जुन्नर:
खिळेजुळारी, जुन्या फायली तशाच ठेवा, नवं काम स्क्रायबस या मोफत पानजुळणीच्या प्रोग्राममध्ये करून बघा. आधी त्यात देवनागरी जोडाक्षरं तुटायची, मीच सोडून दिलं होतं. जानेवारी 2024 च्या 1.6 आवृत्तीपासून नीट जुळतात. शाळेचं वार्षिक त्यातच केलं.

सेतूवाली:
मूळ प्रश्न राहिलाच. मशीन टाकायचं की ठेवायचं?

खिळेजुळारी:
मी असं केलंय. डोंगलवालं जुनं डबडं नेटवरून काढलं, पेनड्राइव्हसुद्धा तपासून मगच लावतो. आय5 वर उबुंटू ठेवलंय, मेल आणि बिलं त्यावर. पुढचा प्रिंटर पोस्टस्क्रिप्टचाच घेईन, एवढं तुमचं मान्य करतो, कर्नलवाला. पण ‘सगळं आपोआप चालतं’ हे वाक्य मागं घ्या. माझ्यासारखे वाचतात, विश्वास ठेवतात आणि हंगामात तोंडावर पडतात.

कर्नलवाला:
‘सगळं’ मागं घेतो. मूळ पोस्टमध्ये आताच बदल केला: आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करा, रोज लागणारी प्रत्येक वस्तू जोडून बघा, धंद्याची असेल तर दोनदा. पण फॉन्टांबद्दल एक शब्दही मागं घेत नाही. आणि प्रिंटरच्या मागच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर इथं लिहा, ओपनप्रिंटिंगच्या, म्हणजे लिनक्सवर कुठला प्रिंटर चालतो त्याच्या, यादीत बघून सांगतो.

खिळेजुळारी:
उद्या लिहितो. पट्टीवर शाई सांडलीय, रॉकेलनं पुसावी लागेल.