सहाव्या वर्षीही शैक्षणिक करसवलत मिळेल का?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहणारे अमेरिकी नागरिक आहोत. आमच्यावर अवलंबून असलेली मुलगी २३ वर्षांची असून, मुख्य विषय बदलल्यामुळे सहाव्या वर्षीही पूर्णवेळ पदवीचेच शिक्षण घेत आहे. ‘अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी’ सवलत आम्ही चार वेळा घेतली आहे. यंदा काय करावे?

प्रतिसाद १: ती सवलत एका विद्यार्थ्यामागे चारच करवर्षे मिळते, पदवी अपुरी असली तरी पाचव्यांदा मागता येत नाही. मात्र ‘लाइफटाइम लर्निंग’ सवलतीला वर्षांची मर्यादा नाही. १०,००० डॉलरपर्यंतच्या पात्र शुल्काच्या २० टक्के, म्हणजे प्रत्येक विवरणपत्रामागे कमाल २,००० डॉलर मिळतात. ताई, ती अवश्य मागा.

प्रतिसाद २: एक भर घालतो. ही सवलत केवळ देय करातून वजा होते, उरलेली रक्कम परत मिळत नाही. शिवाय संयुक्त विवरणपत्रात उत्पन्न १,६०,००० डॉलरच्या पुढे गेले की ती घटत जाऊन १,८०,००० डॉलरला संपते. या सवलतीसाठीचा फॉर्म ८८६३ भरण्यापूर्वी कॉलेजकडून मिळणाऱ्या १०९८-टी या शुल्काच्या विवरणावरील पहिल्या रकान्यातील शुल्क आणि पाचव्यातील शिष्यवृत्ती ताडून पाहा, कारण करमुक्त शिष्यवृत्तीतून भागलेल्या शुल्कावर सवलत मिळत नाही.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. पाचव्या रकान्यात रक्कम आहे. ती वजा करूनच हिशेब मांडते.