काकांचं पिस्तूल, पुतण्याचं राज्य आणि "गिफ्टला कसला कायदा?"

रात्रपाळी:
काल घर बदलण्याच्या धाग्यावर मुक्काम_एडिसन यांनी जाता जाता एक लिहिलंय. डॅलसच्या काकांनी वय झालं म्हणून आपली ग्लॉक पिस्तूल यांना देऊन टाकली, यांनी ती टॉवेलात गुंडाळून डिकीत घालून न्यू जर्सीला आणली, आणि वर "घरातल्या घरात दिलं, पैसे घेतले नाहीत, गिफ्टला कसला आलाय कायदा". खाली अकरा लाइक. मी रात्री दोनला ड्यूटीवरून येऊन वाचलं आणि होती नव्हती ती झोप उडाली, म्हणून वेगळा धागा.

अहो, विकलं काय आणि दिलं काय, काडीचा फरक पडत नाही. देणारा एका राज्यात राहतो आणि घेणारा दुसऱ्या, मग हँडगन घेणाऱ्याच्या राज्यातल्या लायसन्सवाल्या डीलरच्या हातूनच जायला हवी. फेडरल कायदा आहे, 1968 चा, काल परवाचा नाही. काकांनी तिथल्या दुकानातून तुमच्या इथल्या डीलरकडे पाठवायचं, तुम्ही जाऊन 4473 चा फॉर्म भरायचा, बॅकग्राउंड चेक होणार, मग हातात. टेक्सासमध्ये काका शेजाऱ्याला पार्किंगमध्ये उभ्या उभ्या विकू शकतात, कारण शेजारीही टेक्सासचा, आणि ते बघून सगळ्यांना वाटतं की आपल्यालाही चालतं. न्यू जर्सीत तर त्याच्याही आधी पोलिसांचं परमिट, दर पिस्तुलाला वेगळं. शिवाय ती ग्लॉक 19 असेल तर सोबतचं मॅगझिन 15 गोळ्यांचं असणार, इथे 2018 पासून मर्यादा 10 ची. एका टॉवेलात किती गुन्हे गुंडाळलेत ते मोजा. आणि यात काकाही अडकतात, नुसते तुम्ही नाही.

ग्रीन कार्डवर असाल तर आणखी मजा. हत्याराचा गुन्हा शाबित झाला की थेट डिपोर्टेशनचा विषय. अकरा लाइकवाल्यांनी हे पण लाइक करा.

चहाटळ:
पुण्यात पुतण्या ओरडला होता काका मला वाचवा. इथे काकाच वाचले तर बरं.

डॅलसचा_बाब्या:
रात्रपाळी, कायदा बरोबर सांगितलात पण आवाज जरा खाली. मी हे सगळं रीतसर केलंय, ओहायोच्या मेव्हण्याला पिस्तूल दिलं तेव्हा इथल्या दुकानाने पाठवायचे वेगळे घेतले, तिथल्याने फॉर्मचे वेगळे, आणि तीन वेळा फोन करून विचारावं लागलं की बाबा पोचलं का. म्हणून म्हणतो, कायदा पाळा पण तो शहाणा आहे असं मला सांगू नका. मी उद्या ओक्लाहोमात जाऊन दुकानातून रायफल उचलून आणू शकतो, 1986 पासून चालतं. तोच फॉर्म, तोच चेक, तोच काउंटरवरचा माणूस, पण पिस्तूल म्हटलं की "तुमच्या राज्यात जा". आणि 68 चा कायदा आला कशामुळे, तर केनेडींचा खून. तो करणाऱ्या ऑस्वाल्डने शिकागोच्या दुकानातून टपालाने मागवली होती ती काय होती? रायफल! विंचू चावला पायाला आणि पट्टी बांधली डोक्याला.

रात्रपाळी:
अर्धवट सांगू नका, लोक वाचतात. दुकानातून घेणं वेगळं. तुम्ही स्वतःची रायफल परराज्यातल्या मेव्हण्याला द्यायची म्हटली तरी डीलर लागतोच, फक्त तो दोन्हीपैकी कुठल्याही राज्यातला चालतो. आणि रायफल खिशात घालून कोणी लोकलमध्ये चढत नाही, पिस्तूल घालून चढतात, एवढी साधी गोष्ट आहे. ऑस्वाल्डने रिव्हॉल्व्हर पण टपालानेच मागवलं होतं, त्याच दिवशी त्याने मारलेला पोलिसवाला त्या रिव्हॉल्व्हरनेच मेला. ते सोयीने विसरलात.

डॅलसचा_बाब्या:
ते राहिलं, मान्य. पण मान्स केस वाचा. वॉशिंग्टन डीसीचं जोडपं टेक्सासला आलं, दुकानदार विकायला तयार, हे घ्यायला तयार, कायदा मध्ये. 2015 ला फोर्ट वर्थच्या जजने ही बंदी घटनाबाह्य ठरवली होती.

रात्रपाळी:
आणि 2018 ला वरच्या कोर्टाने तो निकाल उलटवला, 2020 ला सुप्रीम कोर्टाने ऐकायलाच नकार दिला. ते कोण सांगणार, मी?

डॅलसचा_बाब्या:
तुम्ही आहातच की.

वकीलबाई_नाही:
काका पुतण्या म्हणून आठवलं, अब्रॅम्स्कीचा खटला. व्हर्जिनियाचा माजी पोलीस, पेनसिल्व्हेनियाच्या काकासाठी ग्लॉक घेतो कारण याला पोलीस डिस्काउंट मिळतो. काकाने आधीच 400 डॉलरचा चेक धाडलेला. पिस्तूल काकाच्या राज्यातल्या डीलरकडून रीतसर दिलं, काकाचा बॅकग्राउंड चेक झाला, दोघंही स्वच्छ. तरी पुतण्या दोषी! कारण पहिल्या फॉर्मवर "खरा खरेदीदार मीच" या खान्यात त्याने हो केलं होतं. 2014, सुप्रीम कोर्ट, पाच विरुद्ध चार. म्हणजे डीलरकडून गेलं की गंगेत घोडं न्हालं असंही नाही. स्वतःच्या पैशाने घेऊन खरोखर गिफ्ट देणं चालतं, दुसऱ्याचे पैसे घेऊन त्याच्यासाठी घेणं चालत नाही.

ओपीटीवाला:
प्रश्न विचारू का, मी ओपीटीवर आहे, म्हणजे स्टुडंट व्हिसावरच शिक्षणानंतरची नोकरी, रेंजवर मित्राची पिस्तूल दहा मिनिटं चालवली, त्याचं काय?

वकीलबाई_नाही:
पिस्तूल बाळगायची बंदी आहे, त्यात स्टुडंट व्हिसा, एच वन बी, नॉनइमिग्रंट म्हणजे तात्पुरत्या व्हिसावर आलेले सगळे येतात. हंटिंग लायसन्स वगैरे अपवादात बसत नसशील तर हातही लावू नकोस, भाड्याची असो की मित्राची. आणि असले प्रश्न इथे विचारू नकोस, बाळा.

मुक्काम_एडिसन:
सकाळपासून बघतोय. मी तस्कर आहे का? काका 78 वर्षांचे. गॅस चालू ठेवून फिरायला जातात. मार्चमध्ये रात्री तीनला उठून दाराशी पिस्तूल घेऊन उभे, कोणीतरी आलंय म्हणून. आलेलं कोणी नव्हतं, काकू पाणी प्यायला उठली होती. काकूने पिशवीत घालून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली ने रे हे इथून, आधी ने. तेव्हा मी काय म्हणायचं होतं, थांब काकू, फॉर्म नंबर सांगतो? रात्रपाळी, तुम्हाला लोकांच्या घरातलं काय कळतं.

रात्रपाळी:
हे काल लिहिलं असतंत तर मी वेगळं लिहिलं असतं. काल तुम्ही "कसला आलाय कायदा" लिहिलंत. काकूंचं बरोबर होतं, पिस्तूल घराबाहेर काढायलाच हवं होतं, पण तिथल्याच दुकानात नेऊन विकता आलं असतं, दुपारचं काम. दीड हजार मैल गाडीत घालून आणायचं नव्हतं.

वकीलबाई_नाही:
काका गेल्यावर मृत्युपत्राने आलं असतं तर फेडरल कायद्यात वारशाला सूट आहे, थेट आणता आलं असतं, न्यू जर्सीचे नियम तेवढे बघून.

डॅलसचा_बाब्या:
ऐका! म्हणजे काका मेले असते तर चाललं असतं. जिवंत माणसाने शुद्धीत असताना स्वतःच्या हाताने दिलं तर पाच वर्षांपर्यंत आत. याला मी मूर्ख कायदा म्हणतो, आणि याला उत्तर द्या रात्रपाळी, फॉर्मचा नंबर नको.

रात्रपाळी:
याला उत्तर नाही माझ्याकडे. खूश?

घाटमाथा:
धन्य आहात. माझी मुलगी दुसरीत आहे, मंगळवारी शाळेत गोळीबार झाला तर लपायची ड्रिल झाली, घरी येऊन मला विचारते बाबा, कपाटात लपले तर खोकला आला तर काय करायचं. आणि इथे मेव्हण्याला पिस्तूल पोचलं का याचे फोन.

डॅलसचा_बाब्या:
घाटमाथा, माझीही दोन मुलं त्याच शाळांत जातात. रीतसर कागद करणाऱ्याला शाळेच्या नावाने झोडायचं असेल तर झोडा, मला काही म्हणायचं नाही. खरं म्हणजे खूप म्हणायचंय, पण बायको म्हणते लॅपटॉप बंद कर.

बांदेकरीण:
तुमचं हे दोन राज्यांचं रडगाणं वाचून हसू आलं. आमचा मामा पेडण्यात, म्हणजे गोवा. आम्ही बांद्यात, म्हणजे महाराष्ट्र. मध्ये पत्रादेवीचा नाका, स्कूटरवरून पंधरा मिनिटं. मामाची एकनळी बारा बोअर, परवाना गोव्यापुरता. मामाला मूलबाळ नाही, 2011 ला गेला, वारस माझा भाऊ. आमच्या वायंगणात रात्री रानडुकरं उतरली की सकाळी शेत नांगरल्यासारखं दिसतं, गवे वेगळेच, त्यांना मारायचं नसतं, नुसता बार काढून पळवायचं. म्हणून भाऊ म्हणाला बंदूक आपल्याकडे आणू. मग काय, तिकडचा ना हरकत दाखला, इकडचा अर्ज, सातबारा, तलाठ्याचा दाखला, पोलीस व्हेरिफिकेशन, आणि तोवर बंदूक चौकीत जमा. एकदा फाईल तिकडून निघाली ती इकडे पोचलीच नाही. परत पहिल्यापासून.

घाटमाथा:
आणि निवडणूक आली की परवानाधारकांनी पण जमा करायची. आमच्याकडे आजोबांच्या वेळेपासून लोकसभा, विधानसभा, झेडपी, पंचायत, दर वेळी चौकीत. भात पोटरीला आलेलं, डुकरांना काय आचारसंहिता कळते? आजोबांनी 60 वर्षांत बंदुकीने माणूस सोडा, कोंबडी मारली नाही.

चहाटळ:
घाटमाथा, आत्ता तासाभरापूर्वी तुम्ही बंदुकांच्या विरोधात होतात ना?

घाटमाथा:
ती वेगळी बंदूक आहे.

डॅलसचा_बाब्या:
हाहा. हेच तर टेक्सासमधला प्रत्येक माणूस म्हणतो.

नांगरफाळ:
कर्नाटकातल्या कूर्गच्या कोडव लोकांना परवानाच लागत नाही, इंग्रजांच्या वेळची सूट, 2029 पर्यंत वाढवून मिळालीय. कोकणातल्या शेतकऱ्याने काय घोडं मारलंय? उलट 2019 ला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवायचा नियम आला तेव्हा आमच्या काकांना तिसरी जमा करायला लागली. ठासणीची होती, पणजोबांची. कोण ती ठासून दरोडा घालणार आहे, दारू भरेपर्यंत बँक बंद होईल.

रात्रपाळी:
धागा न्यू जर्सीचा आहे एवढं फक्त लक्षात आणून देते. मुक्काम_एडिसन, तुम्ही वकिलाला फोन केलात का?

मुक्काम_एडिसन:
केला. पहिलं वाक्य, हे इंटरनेटवर कुठे लिहिलंत का.

वकीलबाई_नाही:
ते पिस्तूल आहे तिथेच ठेवा. घाबरून परत डॅलसला न्यायला निघू नका, तो दुसरा प्रवास होईल. वकील सांगेल तेच आणि तेवढंच. जाणूनबुजून केलं हे सरकारला सिद्ध करावं लागतं, तेव्हा इथे आणखी काही टाइप करू नका.

मुक्काम_एडिसन:
ठीक. लाइकवाले अकरा जण कुठे गेले तेवढं कोणी सांगेल का. आणि रात्रपाळी, आभार वगैरे मानत नाही, पण बरं झालं.

नांगरफाळ:
बांदेकरीण ताई, मामाच्या बंदुकीचं शेवटी काय झालं?

बांदेकरीण:
चौकीतच आहे. पावती आहे आमच्याकडे, आईने देवघरात ठेवलीय.