मदत हवी आहे: गोठणबिंदूखालच्या खारट पाण्यात रेणू जोरात पळायला हवेत, माझे सुस्तावतायत

नमस्कार मंडळी, प्रोजेक्टसाठी पोटॅशियम आयोडाइडच्या पाण्याचं सिम्युलेशन करतोय (ग्रोमॅक्स म्हणजे रेणूंची हालचाल मोजणारं सॉफ्टवेअर, पाण्यासाठी टीआयपी४पी/२००५ हे मॉडेल, २४० केल्विन) आणि पार अडकलोय.

लिथियम क्लोराइडने पाणी मंदावतं हे पटतं, लिथियम छोटासा पण आजूबाजूचे चार रेणू घट्ट धरून बसतो. पण पोटॅशियम आयोडाइड उलटं वागतं ना, मोठे ढिले आयन हायड्रोजन बंधांचं जाळं विस्कटतात, म्हणून प्रयोगात पाण्याचे रेणू शुद्ध पाण्यापेक्षा जरा जास्तच पळतात, आणि थंड करत जाल तसा हा फरक वाढतो. माझ्याकडे मात्र मीठ टाकलं की डिफ्युजन (रेणू पसरण्याचा वेग) खालीच! २५ अंशाला शुद्ध पाण्याचं २.३ × १०⁻⁹ चौ. मीटर/सेकंदच्या आसपास बरोबर येतंय, म्हणजे पाण्याचं मॉडेल ठीक असावं, गडबड आयनांत.

आधी एसपीसी/ई हे पाण्याचं दुसरं मॉडेल वापरत होतो, मग कळलं की त्याचा बर्फच साधारण २१५ केल्विनला वितळतो, म्हणजे मी ज्याला सुपरकूल्ड (गोठणबिंदूखाली जाऊनही द्रवच राहिलेलं) म्हणत होतो ते मुळात सुपरकूल्ड नव्हतंच, दोन आठवडे पाण्यात :(

आता प्रश्न: आयनांचा चार्ज १ ऐवजी ०.८५ ठेवला तर सुधारेल का, कोणी करून बघितलंय का? आणि एमएसडीचा (रेणूंनी कापलेल्या अंतराच्या वर्गाची सरासरी, जिच्या उतारावरून डिफ्युजन काढतात) आलेख सुरुवातीला आडवा होतो, रेणू शेजाऱ्यांच्या पिंजऱ्यात अडकल्यासारखे, मग उतार नेमका कुठून मोजायचा? मी १ नॅनोसेकंदापासून घेतोय. बॉक्समध्ये फक्त ५०० रेणू आहेत, साइज करेक्शन (बॉक्स लहान असल्याने येणाऱ्या चुकीची दुरुस्ती) लावलेलं नाही, त्याने एवढा फरक पडेल?