मदत हवी आहे: या फळमाश्यांची नावं सांगा, सोमवारी सबमिशन आहे!

गोंधळलेला_कृषिपुत्र
नमस्कार मंडळी. बी.एस्सी. ॲग्रीच्या कीटक संग्रहासाठी फळमाश्या टाचल्यात. लेबलवर नुसतं 'फळमाशी' चालणार नाही, शास्त्रीय नाव हवं, असं सरांनी बजावलंय. तीन तास पुस्तकातल्या चित्रांशी ताडून बघतोय, सगळ्या सारख्याच दिसतात. काहींची पाठ काळी, काहींची तांबूस. पाठीवर पिवळे पट्टे कुणाला दोन, कुणाला तीन. फोटो जोडलाय. कृपया लगेच सांगा.

भिंगवाली
फोटोत टाचणी छान आलीय, माशी धूसर आहे. कुठे पकडल्या? सापळ्यातल्या की फळातून वाढवलेल्या? सापळा असेल तर आमिष कोणतं?

ओटा_चकाचक
सोपं आहे. वाटीत व्हिनेगर, त्यात दोन थेंब भांडी घासायचं लिक्विड. सकाळपर्यंत सगळ्या बुडालेल्या असतात. पावसाळ्यात आमच्याकडे केळी आणली की हाच उद्योग.

भिंगवाली
ताई, ती चिलटं. दोन-तीन मिलिमीटरची, लाल डोळ्यांची, पिकून फुटलेल्या फळावर घोंगावणारी. इंग्रजीत दोघींनाही 'फ्रूट फ्लाय' म्हणतात, तिथून हा घोळ सुरू होतो. हा मुलगा विचारतोय ती जवळपास घरमाशीएवढी असते. मादीच्या पोटाच्या टोकाला सुईसारखा अवयव असतो, तो धडधाकट फळात खुपसून ती अंडी घालते.

गोंधळलेला_कृषिपुत्र
औषधाचा लाकडी ठोकळा टाकलेली बाटली असते ना, पेरूला टांगतात ती. त्यातल्या आहेत. पण आमिषाचा आणि ओळखीचा काय संबंध? पंख बघायचे की पोट, तेवढंच सांगा ना.

सुपे_बागायत
अरे बाळा, नाव कळून माशी मरते का? लखनौ ४९ पेरूची बाग वीस वर्षं करतोय. डंखलेली फळं रोज वेचायची, खोल पुरायची. अळी फळातून जमिनीत उतरून कोषात जाते, म्हणून झाडाखाली कुदळणी. बाकी सगळं कॉलेजचं नाटक.

भिंगवाली
काका, त्याला माशी मारायची नाहीये, मेलेलीच आहे. आणि नावाला किंमत असते. युरोपियन युनियनने मे २०१४ मध्ये आपला आंबा बंद केला तो फळमाशीच्या अळ्या सापडल्या म्हणूनच. तिकडे माशीचं नाव बघूनच दार उघडतात.

कृषिपुत्रा, संबंध असा: पेरूच्या बाटलीत बहुधा मिथाइल युजेनॉल असतं. त्याला ठराविक जातींचेच नर येतात. म्हणजे अर्धी चाळण तिथेच झाली. आता पंख बघ, पांढऱ्या कागदावर ठेवून. पुढच्या कडेने बारीक तपकिरी पट्टी टोकापर्यंत सलग गेली असेल, पाठ काळी असेल आणि पोटावर काळा 'टी' असेल, तर बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस. पट्टी मध्येच तुटून टोकाला सुटा ठिपका उरला असेल तर दोन शक्यता. पाठ तांबूस असेल तर झोनाटा. पाठ काळपट आणि तोंडावर आडवी काळी रेघ असेल तर करेक्टा.

तुळशीकट्टा
बाटल्या विकत कशाला? तुळशीचा पाला चेचून ठेवा, माश्या आपोआप येतात. आमच्या आजोबांचा उपाय.

सुपे_बागायत
आता तुळशीचा काढा पाजा माशीला 😄

भिंगवाली
हसू नका काका, तुळशीत मिथाइल युजेनॉल असतंच. पण येतात ते नर. डंख मारणारी मादी तुळशीकडे ढुंकून बघत नाही, त्यामुळे तेवढ्याने फळं वाचणार नाहीत.

कोषातून_बाहेर
तांबूस त्या झोनाटाच असं लगेच म्हणू नका. नुकती बाहेर पडलेली माशी फिकट असते. मी फळातून वाढवायचो तेव्हा साखरपाणी देऊन चार-पाच दिवस जिवंत ठेवायचो, मग रंग भरायचा. घाई केली की डॉर्सॅलिसलाही झोनाटाचं लेबल लागतं.

भिंगवाली
फळातून वाढवलेल्यांबाबत अगदी खरं. पण या सापळ्यातल्या आहेत, आणि कोवळे नर युजेनॉलकडे येत नाहीत, वयात आले की येतात. सापळ्यात फिका रंग दिसला तर मला आधी बाटली जुनी असल्याची शंका येते. किती दिवसांनी काढल्यास रे?

गोंधळलेला_कृषिपुत्र
साधारण महिना झाला असेल. मग घरी सॅनिटायझरमध्ये ठेवल्या होत्या.

कोषातून_बाहेर
🤦 झालं. रंग विसर, पंखावरची पट्टी बघ. सॅनिटायझर जेलवाला तर नव्हता?

गोंधळलेला_कृषिपुत्र
जेलवालाच. पंख चिकटलेत थोडे. तरी बघितलं: अकरांमध्ये पट्टी सलग आहे, सहांमध्ये टोकाला ठिपका. पण तीन पट्टेवाल्या चार उरल्या, त्या यांत कुठेच बसत नाहीत.

भिंगवाली
तीन पट्टे म्हणजे मधोमध एक आणि बाजूला दोन? त्या युजेनॉलच्या बाटलीत यायला नकोत. नक्की एकाच बाटलीतल्या आहेत ना?

गोंधळलेला_कृषिपुत्र
नाही, एक बाटली मावशीच्या दोडक्याच्या मांडवात होती. ठोकळा तसाच दिसत होता म्हणून सगळ्या एकाच डबीत ओतल्या. हे सांगायला हवं होतं का?

सुपे_बागायत
😂😂

भिंगवाली
पहिल्याच ओळीत! वेलवर्गीय पिकांत क्यू-ल्यूर हे दुसरं आमिष लावतात, त्याला वेगळ्या माश्या येतात. पंखाच्या आडव्या शिरेवर धुरकट डाग असेल तर झ्युगोडॅकस ककर्बिटी, नसेल तर टाऊ असू शकते. जुन्या पुस्तकात बॅक्ट्रोसेरा ककर्बिटी लिहिलेलं असेल, माशी तीच. लेबलवर मात्र दोडका आणि पेरू वेगवेगळे लिही.

गोंधळलेला_कृषिपुत्र
चारही डागवाल्या! ठिपकेवाल्या सहांपैकी तिघींची पाठ तांबूस, म्हणजे झोनाटा?

कोषातून_बाहेर
जेलमधून निघालेल्या पाठीवर विश्वास ठेवू नकोस. सहाही जणांची तोंडं बघ. आडवी रेघ आहे की दोन सुटे ठिपके?

गोंधळलेला_कृषिपुत्र
दोघांच्या तोंडावर ठिपके सुटे आहेत. बाकीच्या चौघांची डोकी टाचताना गळून पडली. डबीच्या तळाशी आहेत, पण कोणतं कुणाचं ते कळत नाही.

भिंगवाली
दोघांवर झोनाटा लिही. चौघांवर 'बॅक्ट्रोसेरा, जात अनिश्चित', आणि डोकी वेगळ्या पुडीत टाचणीखाली लाव. सर विचारतील, तेव्हा जेलचं खरं सांग.

ओटा_चकाचक
माझं व्हिनेगर संपलं. लिंबू चालेल का?